पावणेबारा लाखांची झेड फोर: जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी की नाही?

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातलं आहे, नोव्हेंबर २०२४ पासून पुढच्या वर्षभरातलं. ज्याचं आहे तो माझा जुना मित्र. त्याचं नाव, त्याची कंपनी आणि गाडीचा नंबर मुद्दाम वगळले आहेत. आकडे मात्र त्याच्या वहीतलेच. मी मेकॅनिक नाही, मशीन शॉपमध्ये आयुष्य गेलेला आणि गाड्यांचं वेड असलेला माणूस. या सगळ्यात मी ‘सोबतीला चल’ म्हणून होतो.

मित्राचं वय त्रेचाळीस. घरात एक हॅचबॅक आहे, ती वहिनी बँकेत नेतात. हा कंपनीच्या बसने जातो. जुलैत घराचा शेवटचा हप्ता गेला आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदाच महिनाअखेरीला खात्यात पैसे दिसू लागले. त्याबरोबर जुनी हौसही वर आली: दोन सीटची, छत उघडणारी गाडी. होस्टेलच्या खोलीत त्याने सॅन स्टॉर्मचा फोटो चिकटवला होता. गोव्यात बनलेली, फायबरग्लासच्या बॉडीची आणि रेनॉच्या छोट्या इंजिनाची ती गाडी आता कित्येकांना आठवतही नसेल. आपल्याकडे परवडणारी दोन सीटची गाडी म्हणून जे काही झालं, ते जवळपास तेवढंच. इंग्लंड-अमेरिकेत पगारदार माणूस जुनी माझदा एमएक्स-५ घेऊन हौस भागवतो, पण ती इथे अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही. त्यामुळे आपल्याकडे ‘स्वस्त स्पोर्ट्स कार’ म्हणजे एके काळी पन्नास-साठ लाखांना घेतलेली आणि आता म्हातारी झालेली परदेशी गाडी. तिची किंमत पाचपटीने उतरलेली असते. तिच्या वॉटर पंपाची नाही.

बजेट होतं चौदा लाख. त्यातले नऊ मुदत ठेव मोडून येणार होते आणि पाच स्वयंपाकघराच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेल्यातून. हे दुसरं वहिनींना नंतर कळलं, तो विषय वेगळा.

गाडी

बीएमडब्ल्यू झेड फोर, एसड्राइव्ह ३५आय. जून २०१० ची नोंदणी, पांढरा रंग, आत तपकिरी लेदर, मीटरवर ५८ हजार किलोमीटर, तिसरा मालक. पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे उभी होती, नंबर मात्र दिल्लीचा. मागत होता पावणेबारा लाख.

कागदावर ही गाडी मोहात पाडणारीच आहे. तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, दोन टर्बो, ३०६ अश्वशक्ती; शून्य ते शंभर ५.१ सेकंदांत. ॲल्युमिनियमचं कडक छत वीस सेकंदांत घडी होऊन डिकीत जातं. छत आत गेलं की डिकी ३१० लिटरवरून १८० वर येते. त्यावर वहिनींचा पहिला प्रश्न आला, “म्हणजे दोघांच्या बॅगा कुठे, माझ्या मांडीवर?”

इंजिनाच्या जमेच्या बाजूंसारखेच त्याचे ठरलेले आजारही जगभर नोंदलेले आहेत. हाय प्रेशर फ्युएल पंप हा त्यातला पहिला. याच पंपापायी २०१० साली बीएमडब्ल्यूने अमेरिकेत हे इंजिन असलेल्या लाखाहून जास्त गाड्या परत बोलावल्या होत्या. त्याखालोखाल टर्बोच्या वेस्टगेटचा, म्हणजे त्याचा दाब आवरणाऱ्या झडपेचा, खडखडाट, विजेवर चालणारा वॉटर पंप आणि ऑइल फिल्टर हाउसिंगच्या गॅस्केटमधून झिरपणारं तेल. मित्राने हे सगळं पंधरा दिवस रात्री जागून वाचलं. इंजिनावर त्याची इतकी तयारी झाली होती की तोंडी परीक्षा घेतली असती तर पहिला आला असता.

पहिला निर्णय: टोकन

गाडी पाहिली त्याच रविवारी संध्याकाळी विक्रेत्याचा फोन आला. “सर, नाशिकची पार्टी उद्या येतेय, तुमच्यासाठी थांबवून ठेवतो, थोडं टोकन टाका.” मित्राने जागच्या जागी यूपीआयवरून पंचवीस हजार टाकले. पावती मिळाली, तिच्यावर फक्त रक्कम आणि ‘गाडी बुकिंग’ एवढे दोन शब्द. तपासणीत दोष निघाला तर पैसे परत, असं वाक्य तिच्यात नव्हतं आणि त्याने मागितलंही नाही. मला सोमवारी सांगितलं.

माझ्या मते सगळ्या प्रकरणातली खरी चूक ही एकच. रक्कम मोठी नव्हती, पण टोकन गेल्यावर माणूस गाडी तपासायला जात नाही, ती घ्यायची कारणं गोळा करायला जातो. पुढचे दहा दिवस मी हे पाहत होतो. काही निघालं की हा म्हणायचा, “अरे, चौदा वर्षांच्या गाडीला एवढं चालायचंच.”

तपासणी

विक्रेत्याच्या आवारात दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा बॉनेट कोमट होतं. आम्ही यायच्या आधी कोणीतरी इंजिन चालू करून ठेवलं होतं. या इंजिनाचा पंप आणि टर्बो थंड असतानाच बोलतात, म्हणून तिसऱ्या खेपेला न सांगता सकाळी साडेनऊला, शटर उघडतानाच पोहोचलो. स्टार्टर चार सेकंद फिरला तेव्हा कुठे इंजिन लागलं. पहिलं अर्धं मिनिट मागून आवाज येत होता, पत्र्याच्या डब्यात चार खिळे घालून हलवावेत तसा. गरम झाल्यावर गेला. विक्रेता म्हणाला, “थंडी आहे ना सर.” पुण्यात त्या दिवशी चांगलं ऊन होतं.

मग गाडी भोसरीतल्या एका गॅरेजला नेली. तिथले चाचा पंचवीस वर्षं जर्मन गाड्याच करतात. त्यांनी आधी काहीच उघडलं नाही. दोन्ही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पट्ट्याचं मूळ पाहिलं. पुराच्या पाण्यात गेलेल्या गाडीचं सगळं धुता येतं, पण बेल्टच्या गुंडाळीत आत राहिलेला गाळ सहसा कोणी काढत नाही. इथे पट्टा स्वच्छ होता. मग रंगाची जाडी मोजायचं यंत्र फिरवलं. बाकी सगळीकडे ११० ते १३० मायक्रॉन, ड्रायव्हरचा दरवाजा आणि त्यामागचा पत्रा तीनशेच्या वर. म्हणजे ती बाजू रंगवलेली, बहुधा घासलेली. फार काळजीचं नाही.

स्कॅनर लावला तर एकही एरर नाही. मित्राचा चेहरा उजळला. चाचांनी स्क्रीनवरची दुसरीच यादी दाखवली: गाडीच्या संगणकाच्या स्वतःच्या काही चाचण्या अजून अपूर्ण दिसत होत्या. एरर नुकतेच पुसले की ही यादी रिकामी होते आणि काही दिवस चालवल्याशिवाय भरत नाही. “साहेब, पाटी कोरी आहे, म्हणजे कुणीतरी पुसली आहे,” चाचा म्हणाले.

लिफ्टवर चढवल्यावर ऑइल फिल्टर हाउसिंगखाली तेलाने धरलेली धूळ दिसली. टायरच्या बाजूवर बारीक अंडाकृतीत चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे होतं ‘१११६’. मार्च २०१६ चे टायर. वरची नक्षी छान शिल्लक, पण बोटाने वाकवून पाहिलं की खाचांमध्ये केसाएवढ्या भेगा. चौदा वर्षांतली निम्मी तरी या गाडीने उभं राहूनच काढली असावीत. छत उघडायला ३४ सेकंद लागले, मध्ये एकदा कण्हलं.

चाचांनी वहीचं पान दोन भागांत लिहून दिलं. डावीकडे ‘करायचंच’: चार टायर १,१०,०००, गॅस्केटं आणि मजुरी ४५,०००, वॉटर पंप व थर्मोस्टॅट ६०,०००. उजवीकडे ‘झालं तर’: फ्युएल पंप ७५,०००, टर्बो तीन लाख. “झालं तर म्हणजे कधी?” मित्राने विचारलं. चाचा म्हणाले, “आवाज तुम्हीपण ऐकला की.”

कागद

इथवर मित्र डगमगला नव्हता. घोळ निघाला तो कागदांत, आणि तिथे आमची तयारी शून्य होती.

गाडी स्वस्त का, याचं उत्तर इंजिनात नसून नंबर प्लेटवर होतं. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी होती. हरित न्यायाधिकरणाच्या आदेशावर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केलं होतं. जून २०१० ची पेट्रोल गाडी म्हणजे जून २०२५ ला दिल्लीत तिचं आयुष्य संपणार. अशा गाड्या शेवटच्या वर्षात दुसऱ्या राज्यांकडे निघतात आणि पडेल भावात जातात. (पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा मालकांवर तूर्त सक्तीची कारवाई करू नका असं सांगितलं. आम्ही सौदा करत होतो तेव्हा हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.)

आमच्या हातात सात महिने होते. त्यात दिल्लीच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८ वरचा ना हरकत दाखला, मिळवून पुण्यात नवीन नंबर घ्यायचा. आणि जून उलटला की पुन्हा नोंदणी करायची. पंधरा वर्षांवरच्या आयात गाडीला त्याची फी चाळीस हजार, साध्या गाडीला पाच हजार. मिळते ती पाच वर्षांसाठी. वीस वर्षांपुढच्या आयात गाडीला तर ऑगस्ट २०२५ पासून ऐंशी हजार झाली आहे.

त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स. आयात गाडीला तो मूळ किमतीच्या वीस टक्के. परराज्यातून आलेल्या जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो. किती? एका एजंटाने दीड लाख सांगितले, दुसऱ्याने अडीच. आरटीओच्या खिडकीवर विचारलं तर “मूळ इनव्हॉइस आणा, मग सांगतो.” इनव्हॉइस नव्हतं. तिसऱ्या मालकाकडे पहिल्या मालकाचं बिल असतं कुठे?

एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला तेव्हा आरसीवर बँकेचा बोजा अजून होता. विक्रेता म्हणाला, कर्ज कधीच फिटलंय. फिटलं असेलही, पण बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ नव्हते. दिल्लीची सहा ई-चलनं बाकी होती. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या होत्या, बाकी सगळं कोरं. मालकाशी फोनवर बोलायचं म्हटलं की ते ‘बाहेरगावी’ असायचे.

पर्याय

एका शनिवारी रात्री त्यांच्याच डायनिंग टेबलावर बसून हिशेब केला. विक्रेता १०,९०,००० पर्यंत आला होता. टायर-गॅस्केट-पंपाचे २,१५,०००, टॅक्स मधला धरून २,००,०००, पुनर्नोंदणी ४०,०००, विमा ५५,०००. एकूण सोळा लाख. उजवीकडच्या स्तंभातलं सगळं निघालं तर पावणेवीस. बजेट चौदाचं, आणि चौदा वर्षांच्या गाडीवर बँक कर्ज देत नव्हती.

दुसरा पर्याय तेव्हाच समोर होता: एमएच बारा पासिंगची, २०१३ ची झेड फोर, १९ लाखांना. पहिला मालक, सगळी बिलं फाइलला लावलेली. सौद्याच्या पहिल्या दिवशी तिच्याकडे आम्ही ‘फारच महाग’ म्हणून बघितलंही नव्हतं. आता दोन्ही आकडे एकाच पानावर आल्यावर स्वस्त गाडी महाग गाडीच्याही पुढे जाऊ शकते हे दिसत होतं. पण एकोणीस लाख त्याच्याकडे नव्हतेच.

तिसरा पर्याय मी सुचवला आणि तो त्याला तेव्हा अपमान वाटला: अबार्थ पुंतो. २०१५ साली फियाटने आणलेली, आपल्या रांजणगावच्या कारखान्यातली. १.४ लिटर टर्बो, १४५ अश्वशक्ती, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. तेव्हा शोरूमची किंमत दहा लाखांच्या आत होती. वापरलेली पाचच्या आसपास मिळते. “छत कुठे उघडतं तिचं?” हा त्याचा प्रश्न, आणि तो रास्तच होता.

वहिनी तोवर गप्प होत्या. त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं आणि पेन घेऊन रविवार मोजायला लागल्या. छत उघडं ठेवून ताम्हिणीत जायचं तर रविवारी पहाटेच. पावसाळ्याचे रविवार खोडले. मुलीच्या परीक्षांचे, सणांचे, लग्नांचे, गावी जायचे खोडले. उरले एकोणीस. “वर्षाला विमा, पेट्रोल, दुरुस्ती धरून दीड लाख म्हणतोस ना? एका सकाळचे आठ हजार झाले. गाडीची किंमत यात धरलेलीच नाही.”

त्याने दिलेलं उत्तरही नोंदवायला हवं, कारण ते फालतू नव्हतं. “गेल्या वर्षी सिंगापूरला चार दिवसांत पावणेदोन लाख गेले. तेव्हा तू भागाकार केला नव्हतास.” वहिनी हसल्या. हौसेचा हिशेब करू नये असं त्यांचंही म्हणणं नव्हतं. त्यांची हरकत स्वयंपाकघराच्या पाच लाखांना होती, आणि ती त्या रात्री पहिल्यांदा मोठ्या आवाजात मांडली गेली. मी पाणी प्यायला उठलो.

निर्णय

मित्राने सोमवारी विक्रेत्याला एकच अट घातली: बोजा उतरवा, चलनं भरा, एनओसी हातात द्या, त्या दिवशी पूर्ण पैसे. पाहिजे तर खर्च माझ्या नावावर लावा. किमतीवर एक रुपयाही घासाघीस केली नाही. ही अट त्याची स्वतःची, आणि मला ती फार आवडली. खरं असेल ते समोरच्याला करून दाखवावं लागणार होतं.

विक्रेत्याने दोन दिवस घेतले. मग म्हणाला, “सर, एवढं कोण करत बसतं? तुम्ही गाडी घ्या, कागद आम्ही मागाहून करून देतो.” सौदा तिथे मोडला. टोकनमधले पंधरा हजार सात आठवड्यांनी आणि अकरा फोननंतर परत मिळाले. दहा गेले.

निष्पत्ती

महिनाभर तो गाड्यांच्या विषयावर बोललाच नाही. फेब्रुवारीत स्वतःहून म्हणाला, “ती फियाट बघू या, नुसती बघू.” पुण्याचीच, २०१६ ची, ४१ हजार किलोमीटर, ५,१०,००० ला मिळाली. या वेळी मालकाच्या घरी सकाळी साडेसहाला गेलो, इंजिन गार होतं. टोकन तपासणीनंतर, पावतीवर अट लिहून. आरसी २०३१ पर्यंत. नावावर होताच पॉलिसीही चौदा दिवसांच्या आत बदलून घेतली. एरवी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

पहिल्या वर्षाचा खर्च: टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप २८,०००, टायर ३६,०००, विमा-सर्व्हिस वेगळी. मागच्या एका डिस्कसाठी तीन आठवडे गाडी उभी राहिली, कारण तो भाग साध्या पुंतोत नाही आणि फियाटने इथली विक्री कधीच गुंडाळली. शहरात लिटरला नऊ-दहा देते. ताम्हिणीत मात्र तिसऱ्या गिअरमध्ये टर्बो भरला की हा अजूनही एकटाच मोठ्याने हसतो. वहिनीही चालवतात, झेड फोरला त्यांनी हात लावला नसता असं त्यांचंच म्हणणं. मुदत ठेव निम्मी शिल्लक आहे. स्वयंपाकघर झालं.

छत उघडत नाही, ही खंत आहेच. जाहिराती अजून बघतो.

पुन्हा करायचं झालं तर

क्रम उलटा करू. आधी मोबाइलवर आरसी, बोजा आणि चलनं पाहायची, ते पाच मिनिटांचं काम. मग आरटीओ, मग इंजिन. आम्ही पंधरा रात्री आणि गॅरेजचे साडेचार हजार घालवल्यावर नंबर टाकला.

दुसरं, एमएच पासिंगची महाग गाडी पहिल्याच दिवशी हिशेबाच्या पानावर घ्यायला हवी होती. तिच्याशिवाय स्वस्त गाडी किती स्वस्त आहे ते मोजायला पट्टीच नव्हती. वहिनींनाही टेबलावर तिसऱ्या आठवड्यात नको, पहिल्या दिवशी बसवायला हवं होतं.

आणि एक गोष्ट कोणाच्याच डोक्यात आली नाही. माझ्या नाही, चाचांच्या नाही, कालनिर्णय घेऊन बसलेल्या वहिनींच्याही नाही. त्यांच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे आणि रॅम्पच्या तोंडाशी पाणी अडवायला सिमेंटचा उंचवटा बांधलाय. अबार्थचा ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर. पहिल्या दिवशी घरी आणली, पेढे वाटले आणि खाली नेताना पोटाखालून खर्रकन आवाज आला. आता तो रोज तिरकी घालून उतरवतो, वॉचमन हाताने इशारे करतो. झेड फोर त्याहूनही खाली बसते. ती त्या रात्री बहुधा रस्त्यावरच राहिली असती.